औषध घेऊन येणारं बाळ

दामिनीच्या डोळ्यांतला पिवळेपणा सकाळी कमी दिसतो, संध्याकाळी जास्त. तो बदललेला नसतो. खिडकीतला उजेड बदललेला असतो. हे माहीत असूनही मी रोज तिची हनुवटी वर करून पाहते.

माझ्या या मुलीला सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. मी आणि ऋषिकेश दोघंही वाहक, हे ती झाल्यावर कळलं. धरमपेठेतल्या कॉलेजात हेच मी फळ्यावर चौकटी काढून शिकवते. आईबाप दोघंही वाहक, तर चारांत एक मूल आजारी. मुलं निमूट उतरवून घेतात.

पोळ्याच्या सुमारास तिच्या पायांत कळा उठल्या. उशी दातांत धरून ती पडली होती. तेव्हा ऋषिकेश तिला म्हणाला, "आईच्या पोटात बाळ आहे ना, ते तुह्यासाठी औषध घेऊन येऊन राहिलं."

ते अगदीच खोटं नव्हतं. बाळ निरोगी निघालं आणि त्याची अस्थिमज्जा हिच्याशी जुळली, तर ही बरी होऊ शकत होती. त्यासाठीच आम्ही दुसरं मूल होऊ देत होतो. त्या दिवसापासून ती माझ्या पोटाला तोंड लावून ओरडायची, "ये ना गा लवकर! किती झोपून राहिला, आळशी!"

दसऱ्यानंतर गर्भाचा रिपोर्ट आला. बाळालाही सिकलसेल. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गर्भ ठेवायचा की नाही, निर्णय तुमचा. पण उशीर करू नका."

आम्ही उशीर करत राहिलो. बुटीबोरीहून कामावरून आला, की ऋषिकेश मोबाइल पुढे करायचा. परदेशात जीन थेरपीने बरी झालेली कुणी मुलगी हसत बोलत असायची.

"इथंबी येईन हे. पाच-सात वर्षांत."

"किंमत वाचलीस?"

"कमी होते ना! मोबाइल नव्हते का पहिले महाग?"

"आणि तोवर दोघांनी कळा सोसायच्या?"

"मंग दामिनीच्या वेळेस आधी समजलं असतं, तर आपण..."

तो थांबला. माझ्या मागे दारात दामिनी उभी होती.

"बाळालेबी माह्यासारखंच आहे?"

"हो," मी म्हणाले.

"मंग औषध नाही आणत तो?"

"नाही."

तिने जरा विचार केला. "जाऊ दे. मी शिकवीन त्याले. पाणी किती प्यायचं, सुई टोचताना कुठं पाहायचं. पहिल्यांदा रडन. मीबी रडत होती."

ऋषिकेश उठून खिडकीशी गेला. पाठमोराच म्हणाला, "सांग वं तूच."

आजार वेगळा आणि मूल वेगळं, हे मी वर्गात सहज सांगू शकते. तशी वाक्यं मनात जुळवूनही ठेवली होती. पण बाळाबद्दल मी जे बोलेन, ते ती स्वतःबद्दल ऐकणार होती. ते वेगळं करता येईल असा शब्द मला सापडला नाही.

ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहू लागली.

"नको आहे का तो तुमाले? माह्यासारखा आहे म्हणून?"

मी तिला जवळ ओढलं. ती ताठच राहिली.

"त्या कळा मला पुन्हा कुणाला द्यायच्या नाहीत," मी म्हणाले. "दामिनी, आपण हे बाळ होऊ देणार नाही."