पडद्यावरचं झोपलेलं मूल

विमल सिनेमाला जायची ती शुक्रवारी दुपारी, आणि घरात सांगून जायची ते पोथीला म्हणून.

जालन्यातलं टॉकीज म्हणजे तेव्हा सरकीची एक जुनी पत्र्याची वखार होती. शुक्रवारचा तीनचा खेळ तेवढा फक्त बायकांचा. त्याला जनाना शो म्हणत. शेजारच्या उषाबाईंबरोबर विमल तोंडावर पदर ओढून मस्तगडची गल्ली उतरायची. कुणी विचारलंच तर उषाबाई हातातली लाल पिशवी वर करून दाखवायच्या. पिशवीत पोथी खरोखरच असायची. तिच्याखाली फुटाणे असायचे.

तिचा भालचंद्र चार महिन्यांचा झाल्यापासून असे चार सिनेमे झाले होते. आता तो दहा महिन्यांचा होता आणि आजचा पाचवा. सिनेमाबद्दलची विमलची मतं विळीसारखी होती. पडद्यावरची बाई कोंडलेल्या खोलीत गात असायची, उषाबाई डोळे पुसत असायच्या, आणि ही शेजारून म्हणायची, "रडायला काय झालं? खिडकीला गज न्हाईत. उतर म्हणावं खाली." पुढच्या बायका वळून बघायच्या. उषाबाई तिच्या गुडघ्यावर चापट मारायच्या. घरी मात्र यातलं एक अक्षर बोलता येत नव्हतं, म्हणून ती सगळी मतं तिच्या पोटातच राहायची.

आज निघताना भालचंद्र किरकिर करत होता. दात येत होते. असा रडत ठेवून निघालं तर सासूबाई पोथीलाही सोडणार नाहीत, हे विमलला ठाऊक होतं. देवघराच्या कोनाड्यात बाळगोळीची डबी असायची. मोहरीएवढी काळी गोळी, अफू घातलेली. दुधात उगाळून दिली की मूल दोन-तीन तास शांत पडतं. घरोघर देत, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. पण या घरात ती द्यायची तर दुर्गाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनीच, आणि तीही रोज नाही. दुर्गाबाई मागच्या अंगणात शेंगा निवडत होत्या. विमलनं डबी उघडली, एक गोळी उगाळली, बोटानं त्याच्या हिरड्यांना लावली, उरलेली चमच्यानं पाजली. डबी होती तशी ठेवली. मग पायात चपला घालून, जाते हो आत्याबाई, असं म्हणून निघाली.

सिनेमा सुरू होऊन तासभर झाला असेल. पडद्यावर पाऊस पडत होता. नायिकेला नवऱ्यानं टाकलेली, कडेवर तान्हं मूल. ती एका देवळापाशी आली, मूल पायरीवर ठेवलं आणि खांबाला टेकून गायला लागली. वखारीत सगळीकडून नाकं ओढल्याचे आवाज आले. विमलनं नेहमीप्रमाणे तोंड उघडलं होतं की, बाई गं, मुलाकडं पाठ करून काय गातीस. तेवढ्यात तिचं लक्ष त्या मुलाकडं गेलं.

मूल झोपलेलं होतं. खरंखुरं मूल, सात-आठ महिन्यांचं. त्याच्या तोंडावर लख्ख उजेड होता, वरून पाणी शिंपडत होते, ढोल वाजत होता, बाई हातभर अंतरावर टिपेला गेली होती, आणि ते मूल हलत नव्हतं. पापणीसुद्धा हलत नव्हती. एक हात पायरीवरून खाली लोंबत होता.

याला गोळी दिलीय, विमलच्या मनात आलं. आणि मग तो लोंबता हात तिला ओळखीचा वाटायला लागला.

ती उठली. उषाबाईंनी पदर धरला, तो तिनं सोडवला. बायकांच्या पायांवरून, शिव्या खात, ती दाराकडं गेली. बाहेर ऊन इतकं होतं की डोळे मिटावे लागले. आपण उगाच घाबरून राह्यलो, रोज देतात बायका, असं स्वतःला सांगत ती चालत होती. गल्लीच्या चढावर मात्र ती पळत होती.

दुर्गाबाई ओसरीवर बसून सूप झटकत होत्या. पोथी लवकर सुटली का, त्यांनी विचारलं. विमलनं मान हलवली. मग त्या सहज म्हणाल्या, "तू गेलीस आन् हा उठून बसला. दातांनी लई रडला गं. गोळी दिली मी त्याला. आता बघ कसा गाढ झोपलाय."

विमल दारातच थांबली. चपला काढल्या. रांजणातलं पाणी घेऊन पायांवर घातलं. एवढाच वेळ ती गप्प राहिली, पण तो वेळ तिला पुढं जन्मभर आठवत राहिला. कारण तेवढ्या वेळात तिच्या मनात आलं होतं की, सांगितलं तर पोथीचं उघडं पडेल.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मी बी दिल्ती. जायच्या आधी."

दुर्गाबाईंच्या हातातलं सूप खाली टेकलं. शेंगा घरंगळत गेल्या. "पोथीला जायचं तर गोळी कशाला?" त्यांनी विचारलं.

"सिनेमाला गेल्ते."

दुर्गाबाई ताडकन उठल्या. दोघी आत धावल्या. पाळण्यात भालचंद्र उताणा पडला होता, ओठ जरा निळसर. विमलनं हाक मारली, हलवलं. त्यानं अर्धवट डोळे उघडले आणि मिटले. तिनं त्याला उचललं, तर मान खांद्यावर पडली, जशी भरल्या पोटी झोपलेल्या मुलाची पडते त्याहून जड.

गल्लीच्या टोकाला हकीमसाहेब राहात. विमल मुलाला घेऊन पळाली, मागून दुर्गाबाई अनवाणी. हकीमसाहेबांनी मुलाची पापणी वर केली. आतली बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती. छातीला कान लावून ते बराच वेळ वाकून राहिले. किती दिली, कधी दिली, त्यांनी विचारलं, आणि दोघींनी एकदमच एकेक बोट वर केलं.

हकीमसाहेब रागावले नाहीत. त्यामुळं विमलला जास्तच भीती वाटली. त्यांनी पुडीत कॉफीची पूड बांधून दिली. बिनदुधाची करून थेंब थेंब जिभेला लावायची, तळपायांना टिचक्या मारायच्या, तोंडावर ओला फडका फिरवायचा. "आन् झोपू द्यायचं न्हाई बेटी. बिलकुल न्हाई," ते म्हणाले. "झोपेत श्वास विसरतं मूल. दिवे लागेपर्यंत बोलत राहा त्याच्याशी. आवाज बदलून बदलून बोला. तोवर जागा राह्यला तर अल्लाची मेहेरबानी. मी नमाज पढून येतो."

दिवे लागायला अजून अडीच तास होते.

घरी ओसरीवर विमल त्याला मांडीवर उभा धरून बसली. दुर्गाबाई तळपायांना टिचक्या मारत होत्या आणि कॉफीचं बोट जिभेवर ठेवत होत्या. तो कण्हायचा, डोळे उघडायचा, पुन्हा मिटायचा. दुर्गाबाईंनी सवयीनं गुणगुणायला सुरुवात केली, तशा त्याच्या पापण्या आणखी खाली आल्या. त्या चपापून थांबल्या. विमलला बोलायचं होतं, पण दहा महिन्यांच्या मुलाशी काय बोलायचं? तिला येत होत्या त्या अंगाया, आणि अंगाया तर आज विखासारख्या. अंगायांशिवाय तिच्या पोटात दुसरं काय साठलेलं होतं?

"भाल्या," ती मोठ्यांदा म्हणाली, "एक घोडा होता बघ. पांढरा."

तिनं जिभेनं टापांचा आवाज काढला. पापण्या वर झाल्या.

मग ती सुटलीच. त्या सिनेमात नायकाला चोरांनी झाडाला बांधलं होतं. नायक काय करून राह्यला होता, तर गाणं म्हणत होता. घोड्यानं दातानं गाठ सोडली, घोड्यानं चोराला लाथ घातली, घोड्यानंच राजवाड्याची वाट दाखवली. आणि शेवटी राजकन्या दिली कुणाला? त्या गाणाऱ्याला. "अरे, घोड्याला चार हरभरे तरी द्यायचे," विमल म्हणाली. "मला त्यो सिनेमा आवडला तो घोड्यासाठी. बाकी सगळे बिनकामाचे." दर दोन वाक्यांनी ती टापा वाजवत होती. जीभ टाळूला लागून दुखायला लागली तेव्हा दुसरा सिनेमा काढला.

दुसऱ्यातल्या बाईला खोकला होता. विमलनं खोकून दाखवलं, खोल, छातीतून, आणि भालचंद्र दचकला. त्या बाईनं खोकत खोकत तीन गाणी म्हटली, सवतीचं लग्न लावलं, जिना चढली, जिना उतरली. अख्ख्या घरात कुणाला सुचलं नाही की तिला झोपवावं. ज्यानं हा सिनेमा काढला त्याला घरात कधी आजारी माणूस बघायला मिळालं नसावं.

"अडुळसा न्हाई दिला का कुणी?" दुर्गाबाईंनी विचारलं. त्या टिचक्या मारतच होत्या, मान खाली घालून.

"न्हाई आत्याबाई. डॉक्टर आल्ता. तो बी रडला."

दुर्गाबाईंनी नाकानं आवाज काढला. तो हसण्याचा नव्हता, पण तुच्छतेचा होता.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. विमल बोलत होती. देवाच्या सिनेमात देव ठेंगणा होता आणि राक्षस मात्र उंचापुरा, बोललं ते करणारा. बायकांनी देवाला बघून हात जोडले, हिनं मनातल्या मनात राक्षसाची बाजू घेतली होती, हेही तिनं आज देवघराला ऐकू जाईल असं सांगून टाकलं. मध्येच भालचंद्रचे डोळे वर फिरले. विमलचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. दुर्गाबाईंनी त्याचा अंगठा करकचून दाबला, ओला फडका तोंडावर मारला, "बोल, बोल, थांबू नको," म्हणाल्या. तो घुसमटून श्वास घेत कण्हला. विमलनं पुढचं वाक्य सुरू केलं, पण आता एकच गोष्ट सांगायची राहिली होती.

"आजच्यात एक मूल होतं," ती म्हणाली. "देवळाच्या पायरीवर ठेवलं होतं. आई त्याच्याकडं पाठ करून गात होती. माझ्या मनात आलं, ही कसली आई, पोर पावसात आन् ही..." तिनं त्याला पुन्हा सरळ धरलं. "ते मूल उठतच न्हव्हतं आत्याबाई. एवढ्या गोंगाटात. त्याला गोळी दिली होती, त्यांच्या सोयीसाठी. सगळ्या बायका त्या गाणारीसाठी रडून राह्यल्या होत्या. त्या मुलाचं कुणाला काहीच वाटलं न्हाई. आन् मी बी तेच करून आल्ते की."

त्यापुढं तिच्याकडं काही उरलं नाही.  भालचंद्रची मान कलली.

तेव्हा दुर्गाबाईंनी त्याला तिच्या मांडीवरून उचलून आपल्या गुडघ्यावर बसवलं आणि घसा खाकरला.

"आमचा सिनेमा मुका होता रे," त्या त्याला म्हणाल्या, कीर्तनातल्या बुवासारख्या खड्या आवाजात. "जांबला रामनवमीच्या यात्रेत तंबू आल्ता. तुझ्या आजोबांना मी सांगितलं, दर्शनाची रांग लांब होती म्हणून. आत एक बाई फुलं तोडून राह्यली होती आन् मागून आला साप. आम्ही सगळ्या ओरडलो, बाई, साप, साप. ती काय ऐकती? मुका सिनेमा. एकीनं तर चप्पल फेकली सापाला. पडदा फाटला." त्यांनी सापाचा फूत्कार काढला. भालचंद्रनं डोळे उघडून त्यांच्या तोंडाकडं बघितलं. "बिलकुल भिकार होता. पण साप बराबर होता."

विमल सासूकडं बघत राहिली. दुर्गाबाईंनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांनी तो साप तीनदा आणला, चारदा आणला. दर वेळी बाई जरा आणखी मूर्ख होत गेली आणि साप लांब.

पाचव्या सापाला भालचंद्र ओकला. काळी कॉफी, दूध, सगळं दुर्गाबाईंच्या लुगड्यावर. मग त्यानं तोंड वासलं आणि रडायला लागला. कण्हणं नाही, भुकेचं, हक्काचं, गल्ली ऐकेल असं रडणं. ते रडणं ऐकूनच हकीमसाहेब दारात आले. त्यांनी पुन्हा पापणी वर करून बघितली, छाती ऐकली, आणि आता याला दूध पाजा, मग झोपू द्या, म्हणाले. मात्र रात्रभर कुणीतरी शेजारी असा.

विमलचा नवरा नरहर आला तेव्हा दुर्गाबाई दिव्याची काच पुसत होत्या. दिवसभर कचेरीत उर्दू मिसली, कज्ज्यांचे कागद, लिहून आलेला नरहर टोपी काढता काढता थांबला. ओसरीवर शेंगा सांडलेल्या, आईचं लुगडं भिजलेलं, बायकोचे डोळे सुजलेले. काय झालं, त्यानं विचारलं. दुर्गाबाई बोलायला लागल्या, पण विमलनं त्यांना बोलू दिलं नाही. तिनं सगळं सांगितलं, पोथीपासून, पिशवीतल्या फुटाण्यांपासून. नरहरनं ऐकून घेतलं. तो पाळण्यापाशी गेला, वाकून मुलाच्या छातीला कान लावला, आणि टोपी हातात तशीच धरून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. तो उद्या काय म्हणेल हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

दुर्गाबाईंनी कोनाड्यातली डबी काढली आणि चुलीत उपडी केली. मग पाळण्याच्या एका बाजूला बसल्या. दुसऱ्या बाजूला विमल.

दूध पिऊन भालचंद्र झोपला होता. मूठ तोंडाशी, ओठ लाल. हीच झोप तिला दुपारी हवी होती. आता ती बघवत नव्हती.

"त्या पायरीवरल्या मुलाचं काय झालं गं?" थोड्या वेळानं दुर्गाबाईंनी हळूच विचारलं. "आईला मिळालं का परत?"

"माहीत न्हाई आत्याबाई. मी मधूनच उठले."

दुर्गाबाईंनी मान हलवली. भिंतीपलीकडून उषाबाईंची हाक आली; त्या शेवट सांगायला आल्या असाव्यात.  विमलनं बोट भालचंद्रच्या नाकापाशी नेलं, आणि कोमट वाफ लागेपर्यंत स्वतःचा श्वास धरून ठेवला. लागली. मग पुन्हा नेलं.