पप्पूच्या पप्पाची बारी

कडूबाईंनी पाणीवाटप संस्थेच्या दारात चपला काढल्या आणि आत येऊन मोबाइल टेबलावर ठेवला. कम्प्युटरपुढं बसलेल्या राजनंदिनीनं हातातलं काम थांबवलं. समोर चेअरमन भगवानराव बसलेले, आणि त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "तुझं कम्प्युटरचं खूळ चालू दे. पण एकाची जरी बारी चुकली, तर फळा परत भिंतीवर."

बोरीच्या पुढचं हे गाव. नदीवरच्या मोटारींचं पाणी शेतांना बारीनं मिळायचं, आणि बारी हुकली की पुढची बारा दिवसांनी. आधी बाऱ्या फळ्यावर खडूनं लिहीत. राजनंदिनीनं त्याचा प्रोग्राम केला. त्यानं यादीतलं नाव घ्यायचं, त्या नावाखाली ठेवलेला वार आणि वेळ काढायची, आणि फोन लावून बोलून सांगायची. कडूबाईंना अक्षरओळख नाही, त्यांना तर हे लयच मानवलं.

"काय झालं, काकू?" तिनं विचारलं.

"फोन आला व्हता. नाव घेतलं आन् बंद पडला. वार न्हाई, टाइम न्हाई. माझा गहू ओंबीत हाय, माय."

"नाव कोणाचं घेतलं?"

कडूबाईंनी पदर सावरला. "मला काय इचारायलीस?"

भगवानराव खुर्चीत पुढे सरकले. "सांगा की सरळ. दुसऱ्याची बारी तुमाला आली असंल."

"दुसऱ्याची कशाला येती," कडूबाई पुटपुटल्या आणि भिंतीकडं बघू लागल्या. आता घ्या. तक्रार करायला आलेली बाई तक्रार काय ते सांगेना.

राजनंदिनीला नोंदणीचा दिवस आठवला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. जमीन कडूबाईंच्या नवऱ्याच्या, व्यंकटीच्या नावावर. पण नाव विचारलं तर बाई म्हणाल्या, "लिही की, पप्पूचे पप्पा." तीस वर्षांच्या संसारात जे नाव तोंडातून काढलं नाही, ते काय संस्थेच्या यादीसाठी काढणार? व्यंकटी आणि पप्पू, दोघं दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेले, म्हणून फोन कडूबाईंनाच जायचा. जमिनीच्या नोंदीला 'व्यंकटी' आणि फोनच्या यादीला 'पप्पूचे पप्पा', म्हणून आतापर्यंत राजनंदिनी त्यांची वेळ दोन्ही नावांखाली लिहायची. काल तिला त्याचा कंटाळा आला, आणि 'पप्पूचे पप्पा' याच्याखाली तिनं नुसतं 'व्यंकटी' ठेवून दिलं. वेळ राहिली व्यंकटीच्या नावाखाली.

प्रोग्राम बिचारा सांगितल्या कामाचा. त्यानं पहिलं नाव उघडलं, आत दुसरं नाव सापडलं, तेच बोलून मोकळा झाला. त्या नावाच्याही आत बघायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. राजनंदिनीनं ती एक ओळ लिहिली, नावाच्या आधी उद्गारचिन्ह टाकलं. ते चिन्ह दिसलं की तो नावावर थांबत नाही, त्या नावाखाली ठेवलेला वार आणि वेळ काढून आणतो.

तिनं प्रोग्राम पुन्हा चालवला. टेबलावरचा मोबाइल वाजला, तिनं स्पीकर लावला. "मंगळवार, दुपारी तीन."

मंगळवार आजच होता. आत्ताशी एक वाजला होता. राजनंदिनीचा जीव भांड्यात पडला.

"पण चूक झालीच न्हवं," भगवानराव म्हणाले. "आपण बोललो व्हतो."

"चूक कशाची?" कडूबाई एकदम त्यांच्याकडं वळल्या. "बारी कुठं चुकली माझी? नाव बी बराबर घेतलं व्हतं त्यानं. त्या फळ्यापुढं उभी राहून मी किती जणांला इचारलंय, दादा, आमची बारी कवा हाय म्हणून. तुमी बघितलंय. आता मी तशी उभी ऱ्हात न्हाई."

भगवानरावांनी चष्मा काढून पुसला. "बरं, ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले.

कडूबाई मात्र निघेनात.

"नंदे, त्ये नाव काढून टाकलंस का?"

"काढलं की, काकू. आता नुसती वेळ सांगंल."

"ऱ्हाऊ दे की." त्या दाराकडं बघत हळूच बोलल्या. "आदी नाव घेऊ दे, मंग टाइम. मला तर घेता येत न्हाई. तीन महिने झाले, घरात त्यांचं नाव कुणी घेतलंच न्हाई."

राजनंदिनीनं आणखी एक ओळ लिहिली आणि फोन लावला. कडूबाईंनी मोबाइल तळहातावर धरला.

"व्यंकटी. मंगळवार, दुपारी तीन."

कडूबाई लाजल्या, पदर तोंडाला लावून हसल्या. "आजून एकदा लाव," म्हणाल्या.