वळायची जागा

आमची मॅटाडोर चार वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. पूर्वी अण्णा तिच्यातून उदगीरच्या मोंढ्यात लोकांचा माल न्यायचे. मग गावात छोटे टेम्पो आले, मॅटाडोरला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि आईनं तिच्यात कडबा भरला.

या वर्षी ती पुन्हा बाहेर काढायचं ठरलं, कारण धाकटी तनुजा उदगीरला कॉलेजात गेली. आमचं गाव जळकोट तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून आत. सकाळची पहिली बस उदगीरला पोचते तोवर कॉलेजातलं पहिलं प्रॅक्टिकल अर्धं झालेलं असतं. मी आत्याच्या घरी राहून बी.एस्सी. केलं, आत्या आता उदगीरला नाही. चौकातल्या आणखी तीन मुलींच्या घरच्यांनी गाडीला होकार दिला. एम.एस्सी.साठी मी नांदेडजवळच्या विष्णुपुरीला विद्यापीठात जाणार होते, त्याला अवकाश होता. म्हणून दुरुस्तीवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

"तू फिजिक्सवाली हायस," अण्णा म्हणाले. "गाडी बी फिजिक्सच हाय."

मला ते काम आवडलं. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या असतात, हे प्रयोगशाळेत शिकले होते. इथं ते पाळणं कठीण गेलं. कडबा काढल्यावर आत गांधीलमाश्यांचं पोळं निघालं. हॉर्नच्या भोंग्यात उंदरानं संसार थाटला होता. डिझेल इंजिन थंडीत सुरू व्हावं म्हणून त्यात हीटर प्लग असतात. तारेला बल्ब जोडून मी ते तपासले. दोन चांगले होते, दोन मेलेले.

रेडिएटरच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. पाणी पुरेसं तापलं की ती आपोआप उघडते. आमची उघडते का, हे पाहायला मी ती पातेल्यात टाकून गॅसवर ठेवली.

"हे काय शिजवायलीस?" आईनं विचारलं.

"थर्मोस्टॅट."

"चहाच्या पातेल्यात?" तिनं आत वाकून पाहिलं. "किती शिट्ट्या?"

पाणी उकळलं तरी झडप मिटलेलीच राहिली. अण्णा पूर्वी प्रत्येक फेरीत दोनदा थांबून रेडिएटरवर बादल्या ओतायचे, त्याचं कारण सापडलं. मी झडप बदलून घेतली. ते पातेलं आईनं गुरांच्या चुलीवर देऊन टाकलं.

अशा रीतीनं एकेक दोष कमी होत गेला. एक दोष मात्र अण्णांच्या हिशेबी दोष नव्हताच. गाडी मागं जात नव्हती. उभी राहायच्या आधी दोन-तीन वर्षांपासून तिचा रिव्हर्स गिअर गेलेला होता, आणि अण्णांनी आपलं सगळं चालवणं त्याच्याशी जुळवून घेतलं होतं. मोंढ्यात ते गाडी कोपऱ्यात कधी घालत नसत. लग्नाच्या मांडवापाशी सगळ्यात लांब थांबत.

गावातली अडचण वेगळी होती. रस्ता एकच. तो मोठ्या रस्त्यावरून आमच्या चौकात येतो, आमच्या घरासमोरून पुढं ओढ्याचा पूल ओलांडून तीन किलोमीटरवरच्या वाडीला जातो आणि तिथं संपतो. संध्याकाळी आलेली गाडी दारात उभी राहते ती वाडीकडं तोंड करून. सकाळी तिला उलटं फिरवायला मोठं मोकळं मैदान लागतं. मी टेपनं चौक मोजला, मग गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवून तिचं वर्तुळ मोजलं. वर्तुळ चौकापेक्षा बरंच मोठं होतं. पुढं दोन्ही बाजूंना नाल्या आणि काळं रान. गाडी एका दमात फिरेल अशी जागा फक्त वाडीत, बुद्धविहारासमोर होती. अण्णा कायम तिथंच जाऊन वळत.

चाचणीच्या पहिल्या फेरीला आम्ही तिथं गेलो तेव्हा विशाखा विहाराच्या पायरीवर उभी होती. ती कॉलेजात माझ्या एक वर्ष मागं, केमिस्ट्रीची. आईवडील पुण्याला बांधकामावर. ती आजीबरोबर, नागुबाईबरोबर, राहते. आजीला साखरेचा आजार असल्यानं तिला उदगीरला खोली करून राहता येत नव्हतं. गेल्या वर्षी तिची प्रॅक्टिकलची हजेरी कमी पडली होती. विनंती करून परीक्षेला बसली, आणि पुढच्या वर्षी अशी विनंती ऐकली जाणार नाही असं तिला तेव्हाच सांगितलं गेलं होतं.

"ताई, गाडी रोज इथवर येणार?" तिनं विचारलं.

"यावंच लागतं. रिव्हर्स नाही."

"मग मला इथून बसता येईल."

"सगळ्यात आधी बसशील."

ती हसली. "तेवढा रिव्हर्स दुरुस्त करू नका मग."

सकाळी सहाला गाडी चौकातून निघणार होती. हिवाळ्यात त्या वेळी अंधार असतो. वाडी ते चौक दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि उसात रानडुकरं. ही वाट एकटीनं चालणं नागुबाईला मंजूर नव्हतं, आणि माझ्या मतेही तिचं बरोबर होतं. म्हणजे विशाखाचं वर्ष गाडीच्या एका बिघाडावर अवलंबून होतं. मला तेव्हा ते फक्त गमतीशीर वाटलं.

मग पासिंगचा विषय निघाला. गाडीच्या आरटीओ तपासणीची मुदत संपलेली होती. उदगीरचा मिस्त्री गुंडप्पा अण्णांना म्हणाला, "मामा, पासिंगला गाडी मागं घेऊन दाखवायला लागते बगा."

"पुढून वळवून मागं आनली तर?"

"त्याला मागं घेनं म्हनत न्हाईत, मामा."

गिअरबॉक्स उघडला. रिव्हर्सचं एक दातेरी चाक झिजून गुळगुळीत झालं होतं. तसलं चाक आता नवीन मिळत नाही. मी नांदेडला जाऊन जुन्या सुट्या भागांच्या बाजारात दोन दुकानं पालथी घातली. दात मोजले, जाडी मोजली, आणि एका मोडीत काढलेल्या मॅटाडोरचं चाक घेऊन आले. ते बरोबर बसलं. गुंडप्पानं दांडा ओढला आणि गाडी गुरगुरत मागं सरकली. माझ्या आजवरच्या कामांत इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळालं होतं.

पासिंगला गाडी मागंपुढं गुंडप्पानंच घेतली. अण्णा बाजूला उभं राहून वरातीतल्या नवरदेवाकडं पाहावं तसे पाहत होते.

त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "आता वाडीला जायचं काम न्हाई. पाराशेजारच्या बोळीत मागं घालायची, तोंड फिरवायचं, निघायचं. तीन जायचे अन् तीन यायचे किलोमीटर वाचले."

"अन् विशाखा?" तनुजा म्हणाली.

"तिनं चौकात यावं. आपन न्हाई म्हनलाव का तिला?"

"अंधारात? उसातून?"

"मंग काय घरोघर जाऊन हाका मारू? हे कॉलेज हाय का काकडा?"

आई तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, "बरंच झालं म्हना. परवा जाऊबाई बोलल्याच. वाडीची पोरगी आधी बसनार, पुढची सीट तिला. आपल्या पोरी मागं चाकावर. गाडी आपली अन्..."

अण्णांनी कांदा फोडला. मी मायलेजचा हिशेब मांडून पाहिला. अण्णांचा आकडा बरोबर होता. विशाखाच्या हजेरीचा आकडाही बरोबरच होता, पण तो या हिशेबात कुठं लिहायचा हे कळेना.

निरोप मीच द्यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सायकलवर वाडीला गेले. विशाखा पांढऱ्या एप्रनची बटणं शिवत बसली होती. मी सांगितलं तेव्हा तिनं दोरा दातानं तोडला आणि बटण ओढून पाहिलं.

"बघते," ती म्हणाली. "कुणी सोबत मिळाली तर."

वाडीतून त्या वेळी चौकाकडं येणारं कुणी नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

नागुबाई दारात शेंगा फोडत होती. "का गं राणे, गाडी लई दिवसांची आजारी व्हती न्हवं?"

"हो आजी."

"ती नीट झाली अन् आमचं वर्स बिघडलं. बरी दवादारू केलीस."

तिनं ओंजळभर शेंगा माझ्या हातात दिल्या.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी बोळ मोजली. तिच्या टोकाला नळाचा दगडी ओटा आहे. गाडीचा मागचा बंपर ओट्यापासून दोन हात अलीकडं थांबला, तरी पुढचं तोंड पाराला न लागता फिरतं. तिथं मी चुन्याची रेघ मारली. अण्णांना मागचं काही दिसत नाही. मागच्या काचेवर त्यांनीच कधीतरी देवाचा मोठा फोटो चिकटवला आहे. मागं उभं राहून कुणीतरी सांगायला हवं होतं.

"मी उभी राहते," तनुजा म्हणाली. "येऊ द्या, येऊ द्या म्हणायचं ना?"

"रेघेवर चाक न्हाई, बंपर बघायचा," मी सांगितलं.

"कळलं ताई."

"अन् आला की पत्र्यावर जोरात थाप मारायची."

"थाप. कळलं."

सकाळी मुली दप्तरं घेऊन पाराजवळ जमल्या. उमाशंकरच्या हॉटेलात चहाला बसलेले लोक खुर्च्या फिरवून गाडीकडं बघत होते. मॅटाडोर पुन्हा निघतेय ही गावात बातमी होती. पहिल्याच प्रयत्नात इंजिन सुरू झालं. अण्णांनी गाडी बोळीच्या पुढं घेतली, दांडा ओढला, मान खिडकीबाहेर काढली.

"सांग गं!"

"येऊ द्या," तनुजा म्हणाली. "येऊ द्या. येऊ द्या."

मी पाराजवळ, मुलींच्या शेजारी होते. तिथून मला रेघ दिसत होती. बंपर रेघेवर आला.

"येऊ द्या, अण्णा. येऊ द्या."

रेघ गाडीखाली गेली. मी तोंड उघडेपर्यंत ओट्यावर धाडकन आवाज झाला. लाल काच फुटून खाली पडली. त्यानंतर तनुजानं पत्र्यावर थाप मारली.

हॉटेलातून उमाशंकर ओरडला, "शेषेराव, पानी भरायला आनली का गाडी?"

"घागर इसरले जनू!" दुसरा कुणीतरी म्हणाला. लोक हसले. दोन मुलीही हसल्या.

अण्णा उतरून मागं आले. बंपर एका बाजूनं आत गेला होता. गाडी थोडी पुढं घेतल्यावर रेघ दिसू लागली. अंधुक उजेडात, चष्म्याशिवायही दिसावी इतकी जाड होती. अण्णांनी रेघेकडं पाहिलं, मग तनुजाकडं.

"मला वाटलं जागा हाय अजून," ती म्हणाली.

तनुजाला बारावीला गणितात ब्याण्णव मार्क होते. अण्णांनी गावभर पेढे वाटले होते, म्हणजे त्यांनाही ते आठवत असणार. त्यांनी फुटलेली काच पायानं बाजूला सारली. मग हॉटेलकडं न बघता, पण हॉटेलात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिला मागं जायची सवय न्हाई. जुनी गाडी हाय. बसा रे सगळ्या."

"इथूनच?" एका मुलीनं विचारलं.

"वळून येताना बसा मंग. मला काय."

तिघी तिथंच थांबल्या. मी आणि तनुजा मागच्या बाकावर बसलो. पूल ओलांडला, ऊस लागला. एका जागी काहीतरी काळं, बुटकं रस्ता ओलांडून उसात शिरलं. अण्णांनी दिवे मोठे केले आणि तिथून पुढं गाडी सावकाश चालवली. तनुजा खिडकीबाहेर बघत होती.

विहारासमोर नागुबाई शेणपाण्याचा सडा टाकत होती. अण्णांनी स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं. गाडीनं मैदानाला एक वळसा घेतला आणि गावाकडं तोंड करून थांबली. सड्याचा अर्धा भाग चाकांखाली गेला.

"आज कसं काय?" नागुबाईनं विचारलं. "राणी तर म्हनली, मागं जायली गाडी."

"जाती की."

"मंग?"

"पासिंगपुरती जाती, मावशी." अण्णा समोर बघत होते. "तुमच्या पोरीला सांगा, पाच मिन्टं थांबतो."

विशाखाचे केस ओले होते. एप्रन तिनं हातातच घेतला होता. ती मागच्या दाराकडं यायला लागली तेव्हा तनुजा म्हणाली, "पुढं बस. इथं चाक हाय, उडतंय."

विशाखा क्षणभर थांबली. अण्णांनी हात लांब करून पुढचं दार आतून उघडलं. ते बाहेरून उघडत नाही. तो दोष माझ्याकडून राहून गेला होता. ती बसली आणि एप्रन मांडीवर घेऊन बाहीला बाही जुळवत घडी घालू लागली.

नागुबाई रिकामी बादली घेऊन खिडकीशी आली. "अन् उद्या?"

अण्णांनी आधी गिअर टाकला.

"वळायला तर लागंलच की," ते म्हणाले.