रंगाचे दोन हात

गाडीचे पुढचे दिवे लुकलुकतात याचे कारण बल्बच असले पाहिजेत, हे माझे पहिले प्रतिपादन होते. आणि नवे बल्ब बसवूनही ते लुकलुकत राहिले, तेव्हा प्रतिपादन मागे न घेता मी त्याला फ्यूजची पुरवणी जोडली. फ्यूज बदलला. बॅटरीची टोके घासून चकचकीत केली. तरीही दुपारी चार वाजता, गॅरेजचे शटर अर्धे ओढून घेतल्यावर, समोरच्या भिंतीवर प्रकाशाचे दोन गोळे पूर्ववत थरथरतच होते.

गाडी धाकट्या बहिणीची. ती प्रसूतिगृहात परिचारिका आहे, आणि रात्रपाळी तिने हट्टाने मागून घेतलेली. तिथवरच्या अठरा किलोमीटरांच्या रस्त्याला एकही दिवा नाही. गुरुवारी एका वळणावर गाडीचे दिवे गेले आणि दोन श्वासांनंतर परत आले. आज सहापर्यंत दिवे स्थिर झाले नाहीत, तर मेट्रनबाईंना फोन करून दिवसाच्या नोंदणी विभागात बदली मागायची, हे तिने पक्के केले होते.

“बाळं सोडून कागद खरडणार?” आईने विचारले.

“खड्ड्यात जाण्यापेक्षा कागद बरे,” गाडीत बसलेली बहीण म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. टेलिफोनच्या तारांमधले बिघाड हुडकण्यात तिची एकतीस वर्षे गेली. तरीही मी तिला विचारले नव्हते. कारण टेलिफोन आणि मोटार ही दोन भिन्न शास्त्रे आहेत, असे माझे मत होते आणि ते मी सकाळीच सविस्तर मांडले होते.

“काय पंडित, पुढचा सिद्धांत?”

“वायर आतून तुटली असणार. सगळी उकलावी लागेल.”

“उकल. तोवर पोरगी निवृत्त होईल.” मग बहिणीकडे वळून ती म्हणाली, “चिमे, दिवे राहू देत, आणि जरा इंडिकेटर लाव.”

इंडिकेटर टिकटिकू लागला. त्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर भिंतीवरचे दोन्ही गोळे मंदावत आणि पुन्हा उजळत.

“पाहिलंस? त्याचा यांच्याशी काय संबंध? तरी तो हलला की हे हलतात. आता सांग, बॅटरीतून वीज निघते, दिव्यापर्यंत जाते. मग?”

“मग दिवा लागतो.”

“आणि वीज? तिथेच मुक्काम ठोकते?”

मी वहीत काढलेल्या आकृतीकडे पाहिले. तिच्यात जाण्याच्या रेषा होत्या. येण्याची एकही नव्हती.

“तिला परत बॅटरीत यावं लागतं. दिव्यापासून काळी वायर पत्र्यापर्यंत, आणि पुढे हा सगळा पत्रा. सगळ्यांची परतीची वाट एकच. ती अडली, की एकमेकांना ढकलत बसतात.”

तिने एक सुटी वायर मागितली. एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे दोन्ही दिव्यांच्या सामाईक काळ्या वायरीला मला लावायला सांगितले. मी लावले.

गोळे थांबले. इंडिकेटर टिकटिकत होता, मी मुठीने पत्रा ठोकून पाहिला, तरी दिव्यांची पापणीही हलली नाही. भिंतीवरची प्रत्येक वीट, विटांमधली प्रत्येक फट स्वच्छ दिसत होती. बहीण सीटवरून उतरून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. वाद घालायचा सोडून मी वहीतल्या आकृतीत येण्याची एक रेषा ओढली, आणि ती ओढणे सुखाचे वाटले.

आईने काळ्या वायरीवरून बोट फिरवत नेले. वायरीच्या टोकाला, चाकावरच्या पत्र्याशी एका बोल्टने आवळलेल्या कडीपाशी ते थांबले.

“इथे रंग कोणी लावला?”

मीच लावला होता, महिन्यापूर्वी. गंज खरवडून, कडी काढून, बोल्टखालच्या जागेला रंगाचे दोन हात दिले होते. पहिला पूर्ण वाळेपर्यंत मी दुसऱ्याला हात घातला नव्हता.

“सुरेख लावलायस. पाणी शिरणार नाही,” आई म्हणाली. “वीजही नाही. बिचारी बोल्टच्या आट्यांमधून कशीबशी वाट काढत होती. गाडी हादरली, की तीही बंद.”

“पण उघडा ठेवला तर पत्रा गंजेल,” मी म्हणालो.

“कडी आवळून घे, मग वरून व्हॅसलीन फास. आणि आता घास.”

मी पॉलिश पेपरने तेवढी जागा घासली. रंगाखालून नाण्याएवढा लखलखीत धातू उघडा पडला. कडी आवळली, सुटी वायर काढून घेतली. दिवे तसेच शांत राहिले.

बहिणीने चार वेळा पत्रा ठोकून पाहिला, पाचव्यांदा लाथ मारून. मग ती आत जाऊन गणवेश घालून आली आणि फोन न करताच गाडीत बसली.

तिने गाडी सुरू करून दिवे लावले. मी पत्र्यावर तळहात टेकवला. ज्याला मी इतकी वर्षे केवळ आवरण समजत आलो, त्या थंड लोखंडातून, माझ्या हाताखालून, वीज या क्षणी परत जात होती; आवाज नाही, ऊब नाही, स्पर्श नाही.

“दादा, हात काढ,” बहीण म्हणाली. “आज तिकडे तिघी अडलेल्या आहेत.”