नको म्हटल्यावर

हिराबाईंच्या माहेरी काय आणि सासरी काय, एक गोष्ट पक्की होती. पहिल्यांदा विचारलं की माणसानं नको म्हणायचं. पोळी वाढू? नको. चहा टाकू? नको हो, आत्ताच झाला. मग समोरच्यानं आग्रह करायचा, आपण ताटावर आडवा हात धरायचा आणि त्याच हाताच्या फटीतून पोळी ताटात पडायची. या रीतीपायी अकोल्यात कुणी उपाशी राहिल्याचं ऐकिवात नाही.

सिंगापूरला मुलाकडे आल्यावर मात्र त्यांची पंचाईत झाली. "आई, पोळी?" "नको." "ओके." संपलं! नरेश वन-नॉर्थ या संशोधन संस्थांच्या वसाहतीत संशोधक. तिथं म्हणे माणसं एकदाच विचारतात आणि एकदाच उत्तर देतात. सून एकता मायाळू होती, पण शब्दाला शब्द मानणारी. बिशान भागातल्या त्या फ्लॅटमध्ये दोन-तीनदा अर्धपोटी उठल्यावर हिराबाई मुकाट्यानं हातानं वाढून घ्यायला शिकल्या.

पोळीचं निभावलं. पण मागच्या महिन्यात नरेशनं जेवता जेवता विचारलं, "आई, तुझा इथं राहायचा पास संपत आलाय. वाढवून घेऊ, की अकोल्याला जायचंय?"

राहायला हिराबाईंचा जीव नुसता तळमळत होता. नवरा, गणपतराव, गेल्यापासून अकोल्याच्या घरात बोलायला भिंतीच उरल्या होत्या. इथं नात ऋचा रोज सकाळी त्यांच्या शेजारी मांडी घालून, मोडक्या उच्चारात का होईना, बुद्धवंदना म्हणायची. आणि एवढं असून बाईंच्या तोंडातून बाहेर काय पडावं? "नको रे बाबा. तुमची अडचण कशाला? तिकडं घर बंद पडलंय." एवढं बोलून त्या वाट बघत बसल्या. नरेश खाली मान घालून भात कालवत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं तिकीट काढलं.

आता बुधवारच्या विमानाआधी आईला काहीतरी दाखवायचं म्हणून रविवारची सहल ठरली. बसनं खाडीवरचा कॉजवे ओलांडून मलेशियात जायचं, मग होडीनं नदीतून वर, जंगलातल्या जाकून आदिवासींच्या वस्तीवर. जेवण तिथंच, संध्याकाळी परत.

नदी चहाच्या रंगाची होती. दोन्ही काठांची झाडं इतकी वाकलेली की होडीत अंधारल्यासारखं झालं. ऋचा आजीच्या हाताला बिलगून "आजी, गॉट क्रोकोडाइल ऑर नॉट?" असं सारखं विचारत होती. हिराबाईंचं लक्ष ना पाण्यात ना मगरीत. तो इवलासा हात बुधवारनंतर आपल्या हातात नसणार, एवढंच त्यांना कळत होतं.

वस्तीवर गाइडनं शिकारीचे बाण फुंकायची नळी दाखवली, झोपड्या दाखवल्या. मंडळींनी लगेच कॅमेरे काढले. लोकांच्या घरात असं डोकवायचं हिराबाईंना काही रुचेना. त्या सरळ चुलीकडं गेल्या. तिथं मिनाह नावाची त्यांच्याच वयाची बाई पानात गुंडाळलेले नदीतले मासे भाजत होती. हळद, मिरची आणि कसलातरी आंबट पाला. भाषेचा पत्ता नसताना दोघींनी एकमेकींकडं बघून मान हलवली, आणि हिराबाईंना कित्येक दिवसांनी कुणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटलं.

जेवायला सगळे लांब फळ्यांवर बसले. मासा असा काही उतरला होता की हिराबाईंनी काटासुद्धा चोखून ठेवला. तेवढ्यात मिनाह पातेलं घेऊन आली. पातेल्यात शेवटचे दोन तुकडे होते. तिनं भुवया उंचावून विचारलं.

हिराबाईंचा हात आपोआप ताटावर आडवा गेला. "नको, नको," त्या हसत म्हणाल्या, आणि बोटं जराशी फाकवूनही ठेवली.

मिनाहनं मान डोलावली आणि ती पुढं सरकली. शेजारच्या चिनी गृहस्थानं ताट पुढं केलं. दोन्ही तुकडे त्याला मिळाले.

हिराबाईंचे डोळे भरून आले. इतक्या वयाची बाई, माशाच्या तुकड्यासाठी रडते!

"आई, तुम्हाला तिखट लागलं का?" एकतानं पाणी पुढं केलं.

"हो गं," त्या म्हणाल्या. पण तिखट कसलं? त्यांना आधी मिनाहचा राग आला, मग नरेशचा, आणि शेवटी स्वतःचाच संताप आला. त्या बिचारीनं विचारलं होतं. पोरानंही विचारलंच होतं की.

परतताना कॉजवेवर बसगाड्यांची रांग लागली. पुढच्या सीटवर एकता आणि ऋचा एकमेकींवर रेलून झोपल्या होत्या.

"नरेश."

"हं."

"मला जायचं नाहीये."

"कुठं?"

"अकोल्याला. मला राहायचंच होतं. तू विचारलंस तेव्हासुद्धा."

नरेश त्यांच्याकडं वळला. "मग नको का म्हणालीस?"

"तू परत विचारशील म्हणून."

त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. "कळत होतं गं मला," तो म्हणाला. "मी काय अकोल्याचा नाही? विचारणार होतो परत. पण तू दुसऱ्यांदाही नको म्हणाली असतीस, तर मग ते खरं असतं. धीरच झाला नाही."

हिराबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "मग वाढव की तो पास आता."

"आता नाही होणार आई. अर्ज करायची मुदत गेली. बुधवारी निघावंच लागेल."

एवढंसं बोलायला हिराबाईंना महिना लागला, आणि महिनाच तेवढा हातात होता. बस हातभर पुढं सरकली आणि पुन्हा थांबली.

"पुढच्या वर्षी," नरेश चाचरत म्हणाला, "मी लवकर अर्ज केला, तर तू..."

बघू, तब्येत कशी राहते, तुम्हाला तरी सवड आहे का, कशाला उगीच खर्च, सगळं जिभेवर हजर होतं.

"येईन," त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिराबाई म्हणाल्या.