हैबतीआबांची उलटतपासणी

आंबेनळी घाटात एसटीनं भोंगा वाजवला की तो आवाज पलीकडच्या डोंगरावर आपटून दुसऱ्या दिवशी परत येतो, आणि तोवर ड्रायव्हर रजेवर गेलेला असतो. हे मी पोलादपूरच्या स्टँडवर इतक्यांदा सांगितलंय की आता कंडक्टर लोकच नव्या प्रवाशांना सांगतात. हैबती खोटं बोलतो, असं मला कोणी म्हणत नाही. हैबतीआबा बोलतोय, एवढंच म्हणतात. फरक आहे.

या फरकाची कीर्ती महाडला अनुपमा उतेकर वकीलबाईंपर्यंत पोचली. बाई मूळच्या आमच्या पोलादपूरकडच्या, केस पांढरे होईस्तोवर महाडच्या कोर्टात उभ्या राहिलेल्या. कोर्टासमोरच्या टपरीवर मी चहा पीत होतो, तिथं येऊन बसल्या.

"आबा, शनिवारी दुपारी मोकळे आहात?"

"मी बांधलेला कधी असतो? केस कुठली हाय?"

"केस नाही, परीक्षा आहे. माझ्या ऑफिसात ज्युनियरची एकच खुर्ची रिकामी आहे आणि उमेदवार दोन. सनद दोघांकडे आहे, बार कौन्सिलची परीक्षाही दोघं पास. कागदावर निवड होत नाही. तुम्ही साक्षीदार व्हायचं, ते दोघं तुमची उलटतपासणी घेतील."

"आणि मी काय बोलायचं?"

"खोटं."

आयुष्यभर फुकट वाटत आलो, ते पहिल्यांदाच कोणीतरी रीतसर मागत होतं. मी हो म्हटलं. उमेदवारांची नावं मागाहून विचारली आणि तिथं फसलो. एक होता नाते गावचा विनीत. दुसरी आमच्याच कापडे गावची तेजश्री, प्रयागबाईची लेक.

संध्याकाळी प्रयागबाईच्या पडवीत गेलो. तेजश्री आतून पाणी घेऊन आली. तिला विचारलं, "काय गो, तो विनीत पाच वर्षं वकिली शिकला आणि तू तीनच. मग दोघं सारखी कशी?"

"आबा, तो बारावीनंतर सीईटी देऊन थेट कायद्याला गेला, म्हणून त्याला पाच. मी आधी केमिस्ट्रीत बीएस्सी केलं, एमआयडीसीच्या लॅबमध्ये नोकरी केली, मग सीईटी दिली. हातात पदवी असली की तीन वर्षांचा कोर्स. कुठलीही पदवी चालते."

"कुठलीही? गाण्याची असली तरी?"

"हो, गाण्याचीसुद्धा."

"म्हंजे पुण्याला वरंधा घाटानं जा नायतर ताम्हिणीनं जा, तसं. पोचल्यावर कोण विचारत नाय."

"विचारतात," ती म्हणाली. "तोंडावर नाही विचारत. पण हिनं मधे लॅबमध्ये बाटल्या हलवल्या, असं मनात असतं."

खरी गोष्ट प्रयागबाईनं सांगितली. मुंबईच्या काकानं तेजश्रीसाठी एका कंपनीच्या कायदा खात्यात नोकरी बघून ठेवली होती. दिवसभर संगणकावर करार वाचायचे. रविवारी काका तिला न्यायला येणार होता. वाईट काही नव्हतं त्यात. पण पगारी नोकरी धरली की सनद बाजूला ठेवावी लागते, कोर्टात उभं राहता येत नाही. आणि पोरीला उभंच राहायचं होतं. महाडच्या आणखी दोन-तीन वकिलांना तिनं विचारून झालं होतं. कुणाकडे जागा नव्हती, आणि एकानं सरळ सांगितलं होतं, बारावीपासून कायदा शिकलेलाच घेतो. शनिवारी खुर्ची मिळाली नाही, तर रविवारी काकाच्या गाडीत बसायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं.

"आबा," प्रयागबाई म्हणाली, "त्या दिवशी तेवढं खरं बोला."

"खरं बोलायला नाय गो बोलावलंय मला."

"मग पोरीला सांभाळून तरी घ्या."

मी मान हलवणार, तोच तेजश्री म्हणाली, "नको. सांभाळून घेतलंत तर वकीलबाईंना कळेल. मग जी खुर्ची मिळेल ती तुमची, माझी नाही." मी मान निम्म्यातच थांबवली.

शनिवारी बाईंच्या ऑफिसात टेबल बाजूला सरकवलं होतं. प्लास्टिकची खुर्ची उलटी करून तिच्या पाठीला धरून मी उभा राहिलो. तोच माझा साक्षीदाराचा पिंजरा. बाईंनी मला आधीच पढवलं होतं: चांगू आणि मुरारी असे दोन काल्पनिक भाऊबंद. चांगूचं म्हणणं, मुरारीनं बांधावरचा हद्दीचा दगड चांगूच्या शेतात सरकवला. मी चांगूचा साक्षीदार. "तुम्ही तिथं नव्हतात," बाई म्हणाल्या होत्या, "कुठं होतात ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पाहिलं असंच सांगायचं." दोघांनी मुरारीचे वकील व्हायचं होतं.

मी माझी साक्ष ठोकली. "शिमग्याचा दिवस. पालखी वरच्या वाडीत नाचत व्हती. सगळा गाव तिकडं. तेवढ्यात खालच्या शेतात मुरारीनं दगड सरकवला. ह्या डोळ्यांनी बघितला."

विनीत पुढं आला. पोरगा नीटनेटका, आवाज खणखणीत. माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या भिंतीकडे बघत त्यानं विचारलं, "तुमच्या घरापासून ते शेत लांब आहे. बरोबर?"

"बरोबर."

"मधे टेकाड आहे?"

"हाय."

"तुम्हाला लांबचं बघायला चष्मा लागतो?"

"लागतो."

"शिमग्याच्या दिवशी चष्मा घातला होता?"

"गुलाल जातो ना काचंवर. नव्हता घातला."

खोटं कशाला सांगू, पोरानं मला चार प्रश्नांत कोपऱ्यात नेला होता. तिथंच तो खाली बसला असता तर ही गोष्ट संपली असती. पण विनीतला विजय दिसला आणि त्याला तो माझ्या तोंडून ऐकायचा होता.

"मग चष्म्याशिवाय, टेकाडापलीकडचा दगड तुम्हाला दिसला कसा?"

"दिसला कुठं, साहेब? आधी ऐकला. मुरारी वजन उचलताना असा कुंथतो की शेजारच्या वाडीतली म्हैस पान्हा सोडते. म्हणून मी टेकाड उतरून गेलो. तर मुरारी म्हणतो, आबा, बरे आलात, जरा हात लावा. मी लावला हात. आता आपल्याच हातानं हललेला दगड दिसायला चष्मा कशाला लागतो?"

बाई खोकल्याचं निमित्त करून हसल्या. विनीतनं आणखी दोन-तीन प्रश्न टाकले. प्रत्येक प्रश्नासरशी मुरारी जास्तच अडकत गेला. शेवटच्या उत्तरापर्यंत दगड सरकवून मुरारीनं मला वर जेवायलाही घातलं होतं.

मग तेजश्री उठली. काळा कोट, पांढरा बँड, चेहरा त्याच बँडच्या रंगाचा. माझ्यासमोर आली आणि वाकून माझ्या पाया पडली.

"अगं, तो विरुद्ध बाजूचा साक्षीदार आहे," बाई म्हणाल्या.

"सॉरी मॅडम. सवय."

विनीत खिडकीबाहेर बघायला लागला. हसू लपवायचं असलं की माणूस असाच बाहेर बघतो.

"आबा, तुम्ही..." ती म्हणाली, आणि थांबली. "तुम्ही जे म्हणता की बघितलं, ते..." पुन्हा थांबली. मला कळत होतं काय अडलंय ते. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला पोरीनं तोंडावर खोटं ठरवायचं नसतं. गावकीच्या बैठकीत चूक दिसली तरी तरणी माणसं जमिनीकडे बघतात. हे कुठल्या सीईटीत येत नाही आणि पाच वर्षांत किंवा तीन वर्षांत जातही नाही. पंखा फिरत होता. मी सांभाळून घेणार नव्हतो.

तेवढ्यात तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. पडवीत लहानपणी बसायची तशी, गुडघ्यांवर हात ठेवून.

"आबा, त्या दिवशी पालखी कशी नाचली हो?"

आता हे विचारायचं असतं का मला?

"काय सांगू गो! देवळातनं निघाली तवापासून खांदा माझा."

"हं."

"मुंबईची पोरं आलेली. जिमवाली. दंड असे जसे दुधी भोपळे. म्हणाली, आबा, सरा, आमाला द्या. म्हटलं, या."

"मग?"

"मग काय! वरच्या वाडीची चढण लागली आणि एकेक भोपळा गळाला. कोण म्हणतो दम लागला, कोण म्हणतो फोन आला. मी तसाच."

"हं, हं."

हा हुंकार फार वाईट. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याच्या पुढ्यात एक जण हुंकार द्यायला बसवतात. तो थांबला की गोष्ट थांबते, आणि तो देत राहिला की सांगणाऱ्याला स्वतःचं भान राहत नाही. ही पोरगी लहानपणी माझ्या गोष्टींना हुंकार द्यायची. त्या वेळी मी एकदा वाघाला घाटात पंक्चर काढायला लावलं होतं, ते तिच्याच हुंकारावर.

"वरच्या वाडीत गेल्यावर?"

"वरच्या वाडीत तर अशी नाचवली, अशी नाचवली, की आतनं देव म्हणाला, हैबती, जरा हळू, मला गरगरायला लागलंय."

"मग?"

"मग देवासाठी म्हणून जरा हळू केली. पण खांदा सोडला नाय. पार खाली देवळात उतरेपर्यंत नाय सोडला."

"वरच्या वाडीत मधे कुणी तुमच्या जागी आला नाय?"

"दुसऱ्याची बिशाद हाय?"

"नाय हो आबा," तेजश्री म्हणाली. "झालं माझं." स्टूल जागेवर ठेवून ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

माझं तोंड उघडंच राहिलं. तिनं पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. उत्तर तयार होतं माझं: पालखी इतकी उंच उडाली की पालखीबरोबर मीही उडालो आणि वरनं सगळं शिवार दिसलं. पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठं ठेवणार? दगड सरकला तेव्हा पालखी वरच्या वाडीत होती, हे मीच साक्षीत सांगितलेलं. आणि पालखीखाली मी होतो, हेही मीच.

"मॅडम, मला बोलायचंय," विनीत म्हणाला. "हे उलटतपासणीच्या नियमात बसत नाही. 'मग काय झालं' असं विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला कधीच विचारायचं नसतं. हो-नाहीचेच प्रश्न विचारायचे. पहिल्या वर्षाला शिकवतात."

"बरोबर बोललास," बाई म्हणाल्या. "तेजश्री, पोलिसाला 'मग' विचारलंस तर तो तुझ्या अशिलाला जन्मठेपेपर्यंत पोचवून येईल. हे इथंच विसरायचं."

"हो मॅडम."

तिनं खांद्यावरची पर्स सारखी केली. निघायच्या तयारीनं. माझ्या डोळ्यांपुढे काकाची गाडी आली.

"कुठं निघालीस? बस," बाई म्हणाल्या. "विनीत, तुझे पहिले चार प्रश्न माझ्यापेक्षा चांगले होते. पाचवा विचारलास तिथं अशील गेला. हिनं तो विचारला नाही. पण माझं ठरतंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. ज्युनियर पहिल्या दिवशी उलटतपासणी घेत नाही. त्याचं पहिलं वर्ष आपल्याच अशिलाचं ऐकण्यात जातं. आमच्याकडची माणसं वकिलाला अर्धंच सांगतात. लाजेनं, भीतीनं, भाऊबंदांची बदनामी नको म्हणून. उरलेलं अर्धं समोरचा वकील कोर्टात काढतो आणि मी तोंडघशी पडते. ते माझ्या ऑफिसात आधी निघायला हवं. साक्षीदाराचं तोंड बंद कसं करायचं ते मी हिला शिकवीन. उघडायचं कसं, ते मला शिकवता येत नाही."

 विनीत सरळच म्हणाला, "मला न्यायाधीशाची परीक्षा द्यायचीय, मॅडम. त्याला आधी तीन वर्षांची वकिली लागते. मला कुठंतरी उभं राहायला हवं."

"ठाऊक आहे. पोलादपूरला माझा एक सहकारी आहे, त्याला तुझे चार प्रश्न सांगते. पाचवा नाही सांगत." बाईंनी तिथंच फोन लावला.

तेजश्रीनंही बाहेर जिन्यात जाऊन फोन लावला. "काका, उद्या या हां. आईनं वडे करायचं ठरवलंय. पण गाडीत माझी जागा ठेवू नका." मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिली. "हं," म्हणाली. "हं." काकाचा राग सगळा बोलून संपला असावा, कारण शेवटी ती हसली.

परतताना एसटीत मी तिला म्हटलं, "घरी सांग, आबांनी सांभाळून घेतलं."

"नाय सांगणार. नाय घेतलंत तुम्ही."

"कसं काय सांगतेस?"

"सांभाळून घेत असतात तर देव बोलला नसता."

आता ती रोज सकाळी महाडची गाडी धरते. मी स्टँडवर असतोच. परवा तिथं एक पाहुणा भेटला, त्याला मी सगळी हकीकत सांगत होतो: पोरगी गावची, म्हणून मी मुद्दाम हरलो, नाहीतर हैबतीला उलटतपासणीत पकडणारा वकील अजून जन्माला यायचाय.

"हं," मागून आवाज आला. "मग?"

मी वळून बघितलं. काळा कोट घडी करून हातावर टाकलेला होता.

"मग काय," मी पाहुण्याला म्हटलं, "तुमची गाडी लागली वाटतं. बसून घ्या."