उजवा कौल

काशीरामकाकांनी काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या आणि भिंतीलगत नीट जोडून ठेवल्या.

"असू देत काका, इथे सगळे बूट घालूनच बसतात," सुयोग म्हणाला. काका अनवाणीच आत गेले.

अंधेरीतल्या त्या कार्यालयात जंगलांचे मोल ठरत असे. उभ्या झाडांनी धरून ठेवलेल्या कार्बनपोटी परदेशी कंपन्या पैसे देत. अट एकच: ते रान खरोखर कुऱ्हाडीखाली जाणार असले पाहिजे. जे आपसूक टिकणार, त्याला कोणी दमडीही देत नसे. ही अट इतरांना समजावण्यात सुयोगची उमेदीची वर्षे गेली, आणि तेवढ्यात त्याच्या गावाभोवतीचे डोंगर एकेक करून बोडके झाले. उरली फक्त देवराई, भर दुपारी काळोख जपणारी, सदाहरित. ती देवाच्या धाकावर उभी होती; तिच्यात कुणी चपला घालून पाऊल टाकत नसे. म्हातारी माणसे गेल्यावर तो धाक किती टिकणार, या भीतीने त्याची झोप उडाली होती. म्हणून गावचे मानकरी असलेल्या काकांना त्याने विनवले होते: एकदाच म्हणा, आम्ही राई तोडणार आहोत.

पडद्यावरच्या परक्या चेहऱ्यांसमोर काका ते वाक्य बोलले. सुयोगची वरिष्ठ नेत्रा हिने ते इंग्रजीत सांगितले. चेहऱ्यांनी माना डोलावल्या.

"झकास रे सुयोग!" पडदा विझताच नेत्रा उठली. "काका, तुम्ही तर कमालच केलीत. पुढच्या वर्षी पाहणी, मग पैसे चालू."

ती गेल्यावर सुयोगने काकांचे हात धरले. "माझ्यासाठी खोटं बोललात, काका."

"खोटा कित्याक बोलान? ह्याच तोंडान देवाक गाराणा घालतंय मी." काकांनी हात सोडवून घेतले. "निघूच्या आधी कौल लावलंय. खराच इचारलंय, राय तोडूची काय? उजवी पाकळी पडली."

देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली की होकार. हा प्रश्न त्या पाषाणाला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"गावात कळलं?"

"सगळेच होते देवळात. परवा कंत्राटदार इलो. पोरां तेका घेवन रायेत गेली. पायात चपला घालून. कोणच काय बोलूक नाय."

सुयोगने पुन्हा काकांचे हात धरले. "परत लावा कौल. गावी पोचताच. देवाला सांगा, चूक माझी होती."

"एक गोष्ट देवाक दोनदा इचारूची नसता, झिला."

काचेपलीकडे मेट्रो निःशब्द सरकत गेली. दाराबाहेर काकांनी सुयोगच्या खांद्यावर हात टेकून एक पाय चपलेत घातला. दुसरा उचलला, आणि तसाच क्षणभर अधांतरी धरला.

मग दोन्ही चपला हातात घेऊन ते अनवाणी लिफ्टकडे चालू लागले.